कमी विजेच्या लिनक्स संगणकावर एचडी व्हिडिओ न अडखळता चालवण्यासाठी

टीव्हीच्या मागे मावेल एवढ्या, पंखा नसलेल्या संगणकावर चित्रपट पाहायचे ठरवले की पहिली शंका येते ती त्याच्या ताकदीची. इंटेलचा जे४१०५ हा चार कोअरचा प्रोसेसर १० वॅटच्या मर्यादेत काम करण्यासाठी बनवलेला आहे आणि २०२३ साली आलेला एन१०० तर ६ वॅटच्या. टेबलावरच्या नेहमीच्या संगणकातील प्रोसेसर बहुधा ६५ वॅटचा असतो. असे असूनही ही छोटी यंत्रे १०८०पीच नव्हे, तर ४के व्हिडिओसुद्धा सहज चालवतात, कारण ते काम प्रोसेसरच्या कोअरनी करायचेच नसते. ग्राफिक्स चिपमध्ये केवळ व्हिडिओ डीकोड करण्यासाठी, म्हणजे दाबून साठवलेल्या फाइलमधून चित्रे उलगडण्यासाठी, बांधलेला एक वेगळा भाग असतो आणि तो अत्यल्प विजेत हे काम उरकतो. व्हिडिओ अडखळतो तेव्हा बहुतेक वेळा एक तर हा भाग वापरलाच जात नसतो, किंवा तो चोख काम करत असूनही टीव्हीचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो तो दर) आणि चित्रपटाचा वेग यांचा मेळ बसलेला नसतो. हे दोन दोष पूर्णपणे वेगळे आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत, आणि कुठला दोष आहे हे न पाहता सेटिंग्ज बदलत राहिल्याने वेळ मात्र वाया जातो.

पुढे जी आज्ञांची आणि पॅकेजांची नावे येतील, ती टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत.

आधी दोष ओळखावा

यासाठी एमपीव्ही हा प्लेअर सर्वांत उपयोगी आहे, मग नंतर रोजच्या वापरासाठी तुम्ही कोडी हा टीव्हीसाठीचा प्लेअर वापरणार असलात तरी. व्हिडिओ चालू असताना शिफ्ट दाबून ‘आय’ ही कळ दाबली, की पडद्यावर माहितीचा तक्ता येतो आणि पुन्हा तीच कळ दाबेपर्यंत तसाच राहतो. त्यात गळालेल्या फ्रेम्सचे दोन आकडे असतात, एक डीकोडरकडे गळालेल्यांचा आणि दुसरा पडद्यावर पाठवताना गळालेल्यांचा. पहिला आकडा वाढत असेल, तर डीकोडिंग वेळेत होत नाही. दुसराच वाढत असेल, तर चित्र तयार आहे पण ते पडद्यावर मांडण्याच्या टप्प्यात अडचण आहे. ग्राफिक्स चिपवर इतर कामाचा बोजा असेल किंवा डेस्कटॉपचा कंपोझिटर (सगळ्या विंडो एकत्र करून पडदा रचणारा भाग) मध्ये येत असेल. दोन्ही आकडे शून्यावर असूनही कॅमेरा संथपणे वळताना किंवा शेवटची श्रेयनामावली वर सरकताना ठरावीक अंतराने बारीक हिसका जाणवत असेल, तर तो रिफ्रेश रेटचा प्रश्न आहे.

कोडीमध्ये हीच तपासणी ‘ओ’ ही कळ दाबून होते. तिथे डीकोडरच्या नावापुढे हार्डवेअर की सॉफ्टवेअर हे स्पष्ट लिहिलेले असते. इंटेलच्या संगणकावर आणखी एक पुरावा मिळवावा: इंटेल-जीपीयू-टूल्स हे पॅकेज बसवून, दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (दुरून टर्मिनल वापरण्याच्या सोयीने) जोडून, प्रशासकाच्या अधिकारांसाठी सुडो लावून इंटेल_जीपीयू_टॉप चालवावे. त्यात ‘व्हिडिओ’ नावाची ओळ असते. व्हिडिओ सुरू असताना ती शून्यावर स्थिर राहिली, तर प्लेअरच्या सेटिंग्ज काहीही सांगोत, डीकोडिंग प्रोसेसरच करत आहे.

फाइल कोणती आणि चिप कोणती

‘एचडी व्हिडिओ’ असे म्हटल्याने काहीच कळत नाही. मीडियाइन्फो किंवा एफएफप्रोब यांनी फाइल तपासून तीन गोष्टी पाहाव्यात: कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), त्याचे प्रोफाइल (त्या पद्धतीचा उपप्रकार) आणि रंगाची खोली ८ बिटची आहे की १० बिटची. मग त्या चिपमध्ये नेमके त्याच प्रकारासाठी हार्डवेअर आहे का, हे पाहावे.

एच.२६४ हा २००३ सालचा कोडेक इंटेलच्या अशा सगळ्या छोट्या चिप्सना येतो, अगदी जे१९०० या जुन्या बे ट्रेल पिढीलासुद्धा. २०१३ साली आलेला एचईव्हीसी (एच.२६५) मात्र जे१९०० ला येत नाही. त्यानंतरच्या ब्रासवेल पिढीला, म्हणजे एन३१५० वगैरेंना, तो फक्त ८ बिटमध्ये येतो, आणि १० बिटचा एचईव्हीसी अपोलो लेकपासून म्हणजे जे३४५५ पासून मिळतो. जे४१०५ ज्या जेमिनी लेक पिढीचा आहे, तिच्यात व्हीपी९ हा कोडेकही १० बिटसह येतो. एव्ही१ हा त्याहून नवा कोडेक हवा असेल तर एन१०० किंवा त्याच्या पिढीतील दुसरी चिप घ्यावी लागते. नवा संगणक घेणार असाल तर हाच एक निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कोअर आणि मेमरी यांची कमतरता निभावून नेता येते, पण चिपमध्ये नसलेला डीकोडर नंतर बसवता येत नाही.

रास्पबेरी पाय या एकाच पाटीवरच्या छोट्या संगणकाच्या बाबतीत लोकांचा हमखास घोटाळा होतो. २०१९ च्या पाय ४ मध्ये एच.२६४ साठी १०८०पी पर्यंत आणि एचईव्हीसीसाठी ४के पर्यंत हार्डवेअर आहे. २०२३ च्या पाय ५ मध्ये एच.२६४ चे हार्डवेअर काढून टाकलेले आहे आणि फक्त एचईव्हीसीचे ठेवले आहे. पाय ५ चे कोअर पुरेसे वेगवान असल्याने १०८०पीचा एच.२६४ ते सॉफ्टवेअरने चालवतात, पण तिथे हार्डवेअर डीकोडिंग ‘चालू करण्याच्या’ खटपटीत पडण्यात अर्थ नाही.

एक सापळा आणखी आहे. १० बिटमधील एच.२६४, जो जपानी अ‍ॅनिमेशनच्या फाइल्समध्ये विशेष आढळतो, तो वर सांगितलेल्या एकाही चिपमधील हार्डवेअरला येत नाही. अशी फाइल अडखळली तर ड्रायव्हर बिघडला असे समजू नये. ती प्रोसेसरवरच चालणार, आणि जे१९०० सारख्या यंत्रावर तिला त्रास होणार. अशा फाइल्स बऱ्याच असतील, तर ताकदवान संगणकावर त्यांचे एकदाच ८ बिटमध्ये किंवा १० बिटच्या एचईव्हीसीमध्ये रूपांतर करून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

ड्रायव्हर

इंटेलच्या चिप्सवर प्लेअर आणि हार्डवेअर यांच्यामधला दुवा म्हणजे व्हीए-एपीआय. त्यासाठी दोन ड्रायव्हर प्रचारात आहेत. जुना आय९६५ हा बे ट्रेल आणि ब्रासवेल यांच्यासाठी लागतो; अपोलो लेक आणि त्यापुढच्यांसाठी नवा इंटेल मीडिया ड्रायव्हर घ्यावा. डेबियनमध्ये त्यांची पॅकेजे अनुक्रमे आय९६५-व्हीए-ड्रायव्हर आणि इंटेल-मीडिया-व्हीए-ड्रायव्हर या नावांची आहेत. त्यांच्या बरोबरीने व्हीएइन्फो बसवून ते टर्मिनलमध्ये चालवावे. ते प्रोफाइलांची यादी छापते, आणि ज्या प्रोफाइलापुढे शेवटी ‘व्हीएलडी’ लिहिलेले असते, ते त्या संगणकावर हार्डवेअरने डीकोड होते. ‘एन्क’ने सुरू होणाऱ्या नोंदी एन्कोडिंगच्या आहेत, पाहण्यासाठी त्यांचा संबंध नाही. जे४१०५ वर या यादीत एच.२६४, एचईव्हीसी मेन आणि मेन १०, व्हीपी९ ही नावे व्हीएलडीसह दिसली, की पाया पक्का झाला असे समजावे.

यादीऐवजी चूक छापली गेली, तर दोन जागा आधी तपासाव्यात. पहिली म्हणजे वापरकर्त्याचे अधिकार: ग्राफिक्स चिपचे दार डीआरआय या फोल्डरात असते आणि ते उघडण्यासाठी वापरकर्ता ‘रेंडर’ आणि ‘व्हिडिओ’ या गटांत असावा लागतो. कोडी स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने आपोआप सुरू होईल अशी मांडणी केलेली असेल, तर हेच हमखास राहून जाते. दुसरी म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि फर्मवेअर (चिपमध्ये भरावा लागणारा प्रोग्राम). एन१०० सारख्या नव्या चिपला नवा कर्नल आणि ग्राफिक्सचे फर्मवेअर दोन्ही लागतात. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आहे आणि हे फर्मवेअर, फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री या पॅकेजातून येते.

एएमडीची चिप आणि फेडोरा अशी जोडी असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे. पेटंटच्या कारणास्तव फेडोराने २०२२ मध्ये आपल्या मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हर-संचामधून एच.२६४ आणि एचईव्हीसी यांचे हार्डवेअर डीकोडिंग वगळले. ते परत मिळवण्यासाठी आरपीएम फ्यूजन या भांडारातून मेसाचे ‘फ्रीवर्ल्ड’ पॅकेज बसवावे लागते. रास्पबेरी पायवर मात्र व्हीए-एपीआय नसतेच. तिथे व्ही४एल२ हा कर्नलचा वेगळा मार्ग आहे आणि त्यामुळे व्हीएइन्फोची चूक पाहून तिथे काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

डीकोड झालेले चित्र कुठून कुठे जाते

हार्डवेअर डीकोडिंग चालू आहे, तरी ४के अडखळतो, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा इथे सापडते. १०८०पीची एक डीकोड झालेली ८ बिटची फ्रेम सुमारे ३.१ मेगाबाइटची असते, आणि सेकंदाला ६० फ्रेम्स धरल्या तरी १८७ मेगाबाइट होतात. १० बिटच्या ४के व्हिडिओत एकेक फ्रेम सुमारे २५ मेगाबाइटची होते आणि सेकंदाला ६० फ्रेम्स म्हणजे दीड गिगाबाइट. हा प्रवाह ग्राफिक्सच्या ताब्यातच राहून पडद्यावर गेला तर ठीक. पण प्लेअरने प्रत्येक फ्रेम एकदा प्रोसेसरच्या बाजूला नक्कल करून घेतली आणि पुन्हा ग्राफिक्सकडे पाठवली, तर तेवढीच मेमरी अनेकदा वाचावी-लिहावी लागते. छोट्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वाटून घेतात, त्यामुळे ही ओढाताण लगेच दिसते.

म्हणून एमपीव्हीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘एचडब्ल्यूडेक’ या पर्यायाला ‘व्हीएएपीआय’ अशी किंमत द्यावी, ‘व्हीएएपीआय-कॉपी’ अशी नव्हे. कॉपीचा प्रकार काही फिल्टरांसाठी लागतो, रोजच्या पाहण्यासाठी नाही. जे४१०५ च्या संगणकात मेमरीच्या दोन जागा असतील तर ४ जीबीच्या दोन पट्ट्या लावाव्यात, ८ जीबीची एक लावू नये. दोन पट्ट्यांमुळे दोन्ही मार्गांनी वाहतूक होते. एन१०० ला मेमरीचा एकच मार्ग आहे, त्यामुळे तिथे हा पर्याय नाही.

याच कारणाने चित्र ‘सुधारणारे’ शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) आणि भारी स्केलर (चित्राचा आकार बदलणाऱ्या पद्धती) यांपासून दूर राहावे. जे४१०५ च्या ग्राफिक्समध्ये १२ आणि एन१०० मध्ये २४ एक्झिक्युशन युनिट (गणना करणारे घटक) आहेत. मोठ्या ग्राफिक्स कार्डांसाठी लिहिलेल्या सेटिंग्ज इथे उतरवून घेतल्या, की डीकोडर रिकामा बसतो आणि पडद्याकडे जाताना फ्रेम्स गळू लागतात. एमपीव्हीच्या नव्या आवृत्त्यांत ‘फास्ट’ नावाचे प्रोफाइल आहे, ते अशा यंत्रांसाठी योग्य आहे. चांगला टीव्ही १०८०पीचे ४के करण्याचे काम स्वतः उत्तम करतो. ते त्यालाच करू द्यावे.

वेगाचा मेळ

बहुतेक चित्रपटांच्या फाइल्स सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सच्या असतात, भारतीय वाहिन्यांचे कार्यक्रम आणि आपल्याकडच्या डीव्हीडी २५ च्या, आणि मोबाइलवर घेतलेले चित्रण बहुधा ३० किंवा ६० चे. संगणक मात्र स्वतःहून टीव्हीला ६० हर्ट्झवर ठेवतो. २४ फ्रेम्सच्या चित्रपटाला ६० हर्ट्झवर बसवायचे, तर एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. २५ फ्रेम्सना तर ६० ला भागून २.४ उरतात, म्हणजे दोन आणि तीन यांचा क्रमही वेडावाकडा होतो. डोळ्यांना जो हिसका जाणवतो तो हाच, आणि कितीही वेगवान संगणक आणला तरी तो जात नाही. नगारा एका लयीत आणि झांजा दुसऱ्या लयीत वाजत राहिल्या, तर वादक कितीही तयारीचे असले तरी कानाला खटकतेच, तसे हे आहे.

उपाय असा, की टीव्हीचाच रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलावा. कोडीमध्ये सेटिंग्जमधील प्लेअर विभागात, व्हिडिओज या पानावर, ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ वर ठेवावा. पर्याय दिसत नसेल तर सेटिंग्जची पातळी एक्सपर्टवर न्यावी. त्याच्या जोडीला सिस्टिम विभागातील डिस्प्ले पानावर ‘व्हाइटलिस्ट’ असते, तिच्यात टीव्ही ज्या जोड्यांना साथ देतो त्या निवडाव्यात: १०८०पी आणि ४के, प्रत्येकी २३.९७६, २४, २५, ५०, ५९.९४ आणि ६० हर्ट्झ. २३.९७६ आणि २४ यांतला फरक किरकोळ वाटतो, पण तो चुकला तर सुमारे दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम पुनरावृत्त होते किंवा गळते, आणि लक्ष देऊन पाहणाऱ्याला ती दिसते.

एमपीव्ही स्वतः टीव्हीचा दर बदलत नाही. एक्स११ या विंडो-प्रणालीवर एक्सआरअँडआर या आज्ञेने तो आधी बदलून घ्यावा, किंवा ‘व्हिडिओ-सिंक’ या पर्यायाला ‘डिस्प्ले-रिसँपल’ द्यावे. या दुसऱ्या पद्धतीत प्लेअर पडद्याच्या दराला चिकटून चालतो आणि आवाजाचा वेग अगदी सूक्ष्म प्रमाणात कमी-जास्त करतो, जो कानाला कळत नाही. मात्र ज्यांनी एव्ही रिसीव्हर लावला आहे आणि डॉल्बी किंवा डीटीएसचा मूळ प्रवाह जसाच्या तसा पाठवायचा आहे, त्यांनी ही पद्धत वापरू नये. मूळ प्रवाहाचा वेग बदलता येत नाही. कोडीमधील ‘सिंक प्लेबॅक टु डिस्प्ले’ आणि पासथ्रू (आवाजाचा मूळ प्रवाह तसाच पाठवणे) हेही याच कारणाने एकत्र नांदत नाहीत. माझ्या मते टीव्ही योग्य तो दर स्वीकारत असेल, तर दर बदलणे हाच उजवा मार्ग आहे आणि रिसँपलिंग हा त्याचा पर्याय.

४के टीव्हीवर संगणक ३० हर्ट्झच्या वर जातच नसेल, तर जोडणी पाहावी. एचडीएमआय १.४ ला ४के ३० हर्ट्झपर्यंतच झेपते, ६० साठी २.० लागते, आणि पुष्कळ टीव्हींमध्ये त्या पोर्टसाठीचा विस्तारित सिग्नलाचा पर्याय टीव्हीच्याच मेनूतून वेगळा चालू करावा लागतो.

केवळ टीव्हीसाठीच ठेवलेल्या संगणकावर पूर्ण डेस्कटॉप बसवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. लिब्रईएलईसी ही छोटी लिनक्स आवृत्ती २०१६ पासून याच कामासाठी आहे. ती मध्ये कोणतीही विंडो-प्रणाली न ठेवता कोडीला थेट कर्नलच्या डिस्प्ले यंत्रणेवर चालवते, त्यामुळे कंपोझिटरमुळे होणारा विलंब आणि चित्र आडवे फाटल्यासारखे दिसणे हे दोन्ही प्रश्न उद्भवतच नाहीत. डेस्कटॉप लागणारच असेल, तर व्हिडिओ पूर्ण पडद्यावर असताना कंपोझिटिंग बंद होईल अशी सोय असलेला निवडावा.

ब्राउझर, नेटवर्क आणि उष्णता

फायरफॉक्समध्ये इंटेलच्या चिप्ससाठी हार्डवेअर डीकोडिंग ११५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जुलै २०२३ पासून, आपोआप चालू असते. तरीही यूट्यूब अडखळत असेल, तर तिथून येणारा कोडेक पाहावा. व्हिडिओवर उजवे बटण दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडले की तो कळतो. जे४१०५ ला एव्ही१ चा व्हिडिओ आला, तर तो सॉफ्टवेअरनेच उलगडावा लागतो, आणि त्या पिढीत एव्हीएक्स सूचना (एका दमात पुष्कळ आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) नसल्याने डेव्ह१डी हा उत्कृष्ट डीकोडरसुद्धा तिथे त्याच्या पूर्ण वेगाने धावू शकत नाही. फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंग्जमधून एव्ही१ बंद केला, की यूट्यूब व्हीपी९ पाठवते. जे१९०० असेल तर एच२६४आयफाय हे एक्स्टेन्शन लावून एच.२६४ च मागावा.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. ब्लू-रेच्या व्हिडिओ प्रवाहाची कमाल मर्यादा सेकंदाला ४० मेगाबिट आहे, म्हणून १०० मेगाबिटची तारेची जोडणी त्याला पुरते. ४के ब्लू-रेचा प्रवाह १०० च्या वरही जाऊ शकतो, त्याला गिगाबिट हवे. वायफायवर सरासरी वेग पुरेसा दिसत असला तरी मधूनच पडणारा खंड घातक असतो; तार टाकणे अशक्यच असेल तर कोडी २१ मध्ये सर्व्हिसेस विभागात आलेल्या कॅशिंगच्या सेटिंग्जमधून बफर (आगाऊ भरून ठेवलेला साठा) वाढवावा.

पहिला अर्धा तास सुरळीत आणि मग अडखळ, असे होत असेल तर तापमान पाहावे. बिनपंख्याचा संगणक टीव्हीच्या बंद कपाटात ठेवला, तर एप्रिल-मे महिन्यांत तो स्वतःचा वेग कमी करू लागतो. रास्पबेरी पायवर कमी क्षमतेचा चार्जर लावल्यासही हेच होते, आणि तिथे ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा शून्याव्यतिरिक्त काही छापत असेल तर संगणक सुरू केल्यापासून कधीतरी उष्णता जास्त झाली आहे किंवा वीज कमी पडली आहे.

जुनी नाटके, लग्नाच्या टेप आणि वाहिन्यांची रेकॉर्डिंग

हा भाग सहसा दुर्लक्षित राहतो, पण मराठी घरांतील संग्रहाचा मोठा हिस्सा याच प्रकारचा आहे. नाटकांच्या डीव्हीडी, लग्नमुंजीच्या कॅमेऱ्याच्या टेपवरून उतरवलेल्या फाइल्स आणि डीटीएचवरून घेतलेली १०८०आयची रेकॉर्डिंग ही इंटरलेस्ड असतात. प्रत्येक फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रे, सम आणि विषम ओळींची, एकात एक विणलेली असतात, आणि ती वेगवेगळ्या क्षणांची असतात. ती तशीच दाखवली, तर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम्स असल्या तरी त्यांत हालचालीचे ५० क्षण असतात. डीइंटरलेसिंग नीट झाले तर ते ५० ही दिसतात, आणि निष्काळजीपणे झाले तर निम्मे फेकले जातात.

कोडीमध्ये व्हिडिओ चालू असताना व्हिडिओ सेटिंग्जमध्ये डीइंटरलेसिंगची पद्धत निवडता येते. इंटेलच्या चिपवर ‘व्हीएएपीआय मोशन कॉम्पेन्सेटेड’ ही पद्धत उपलब्ध असेल तर तीच घ्यावी, कारण ती हार्डवेअरमध्ये चालते. ती नसेल तर ‘मोशन अ‍ॅडॅप्टिव्ह’, आणि तीही नसेल तर ‘बॉब’. मग टीव्हीचा दर ५० हर्ट्झवर गेला आहे ना, हे टीव्हीच्या माहिती-बटणावरून पाहून घ्यावे. त्यासाठी व्हाइटलिस्टमध्ये ५० हर्ट्झ असणे आवश्यक आहे. तिथे फक्त २५ असेल, तर ५० क्षणांपैकी निम्मे वाया जातात. व्हीसीडी मात्र एमपेग-१ ची असते आणि त्यात इंटरलेसिंग नसतेच, म्हणून तिला डीइंटरलेसिंग लावू नये. त्याने ३५२ बाय २८८ चे मुळातच पुसट असलेले चित्र आणखी पुसट होते.

या मांडणीची कसोटी म्हणून बातम्यांच्या वाहिनीचे एखादे रेकॉर्डिंग लावावे आणि खालच्या बाजूने आडव्या सरकणाऱ्या मजकुराच्या पट्टीकडे पाहावे. अक्षरे न थरथरता, कडा न तुटता, एकसारख्या वेगाने सरकत असतील तर डीकोडर, डीइंटरलेसिंग आणि रिफ्रेश रेट हे तिन्ही जागेवर आहेत. अक्षरांच्या कडा तुटत असतील तर डीइंटरलेसिंगकडे, आणि कडा स्वच्छ असूनही पट्टी ठेचकाळत असेल तर टीव्हीच्या दराकडे परत जावे.